मान

त्या हिवाळ्यात इझ्मिरच्या बंदरात परक्यांची जहाजं उभी होती
आणि पावाच्या यादीत नाव घालायला
ओळखीचा कागद लागायचा.
दिलफेराह आली. बिस्किटांच्या डब्यातून
चार घड्यांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.
म्हणाली, चाळीस वर्षांत कुणाला दाखवला नाही.
कुणी विचारलंच नाही.

अक्षर माझंच.
तेव्हा हात थरथरत नव्हता.
‘बाप : अब्दुल्ला.’
ज्यांचा बाप कुणालाच ठाऊक नसे
त्या सगळ्यांचा बाप आम्ही अब्दुल्लाच लिहीत असू.
केवढा कुटुंबवत्सल माणूस!
आणि दिलफेराह हे नाव, तेही खरेदीनंतरचं.

“वाच,” ती म्हणाली. “त्या दिवशी तू भरभर वाचलंस.
मला ‘मोकळी’ एवढंच कळलं.”

मी वाचलं.
तंबाखूचे व्यापारी मेमदूह एफेंदी
यांनी देवाची शपथ वाहिली होती
की हिचा मुलगा विकणार नाही.
शपथ मोडली.
मोडल्या शपथेचं प्रायश्चित्त म्हणून
धर्मात सांगितल्याप्रमाणे
एक मान मोकळी केली.

दहा गरिबांना जेवू घातलं असतं तरी चाललं असतं.
पण त्या वर्षी तांदूळ महाग होता,
आणि हिला खोकला लागला होता.
हे कागदावर नाही. हे मला आठवतं.

माझे वडील काझी. ते म्हणत,
मान सोडवणं ही घाटातली चढण आहे,
माणसं पायथ्याशीच बसून राहतात.
मी पायथ्याशी टेबल टाकून बसलो.
सकाळी मुक्ततेचे दाखले, दुपारी खरेदीखतं,
दौत एकच.
कहवाखान्यात म्हणतात, राज्य बुडालं
ते तोफांनी, कर्जांनी, फिरंग्यांच्या रेल्वेनं.
असेल. मी कारकून.
कुठल्या कागदाला किती तिकिटं लागायची
तेवढं मी सांगू शकतो.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
“दर शुक्रवारी त्याच्यासाठी दुवा मागत आले.
मेमदूहसाठी.”
आणि मग, “मुलाचं वय लिहिलंय?”
नाही.
“सात. लिही.”

समासात जागा होती. मी बोरू बुडवला.
सात लिहिलं.
नाव विचारलं.
“कुठलं? त्यांनी ठेवलेलं की मी?”
तू ठेवलेलं.

तिनं सांगितलं.
पहिलाच उच्चार जिभेच्या मागून, नाकातून आला,
दाराआडून कुणी हाक मारावी तसा.
पुन्हा सांग, मी म्हणालो. तिनं पुन्हा सांगितलं.
आमच्या लिपीत त्याला अक्षर नव्हतं.

बोरूच्या टोकाशी थेंब जमत गेला.
बाहेरून नव्या कारकुनानं हाळी दिली:
जुना शिक्का असलेल्यांनी रांगेत उभं राहू नये.