खिळ्यावरचा नान

सोमवारी वरून कागद आला:
या आठवड्याचा विषय संस्कृती.
वयोगट चार ते पाच.
मी मर्गिलानच्या बालवाडीतली झुल्हुमोर,
मुलांची ओपा, म्हणजे ताई.
बावीस वर्षं नाकं पुसत आलेय,
पण हा शब्द कुठून धरावा
कळेना.

मग घरून पेटी आणली.
सासऱ्यांची चौकोनी टोपी, रेशमाचा तुकडा,
नानवर नक्षी टोचायचा लाकडी शिक्का.
"ही संस्कृती," म्हटलं.
सानोबरनं टोपी घातली, ती नाकापर्यंत आली.
आतूनच तिनं विचारलं,
"मग पेटी बंद केली की संस्कृती झोपते?"

तसं नाही गं, म्हटलं.
आपण चहा पेल्यात ओततो, परत किटलीत ओततो,
असं तीनदा, मगच पितो. तेसुद्धा.
"तीनदाच का?"
का बरं?
आईला विचारायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात दिलमुरोद, जो एरवी बोलतच नाही,
बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाला,
"आमच्या भिंतीवर एक नान आहे.
खिळ्याला.
बाबांनी जाताना त्याचा एकच घास खाल्ला.
ते कझानला विटा रचतात.
उरलेला त्यांचा आहे.
आई फडक्यानं त्याची धूळ पुसते."
"दगड झाला असेल!" कुणीतरी हसलं.
"झालाय. मी दात लावून बघितला.
नुसता दात. खाल्ला नाही."

बाहेर तुतीखाली कुणी सायकलची घंटा वाजवत होतं.
आता मोठ्या माणसासारखं काहीतरी बोलावं, वाटलं.
सुचलं नाही.
कागदाची घडी घातली
आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

शुक्रवारी घरी निघताना
मोहलारोयिमनं बिस्किटाचा एक घास घेतला,
उरलेलं माझ्या खिडकीत ठेवलं.
"सोमवारी येते. खाऊ नका हं, ओपा."
मग सानोबरनं. मग सगळ्यांनीच.
एकानं नुसतं चाटून ठेवलं.
सतरा बिस्किटं.
दिलमुरोदचं अगदी कडेला,
भिंतीला टेकून उभं.

शनिवारी किल्ली घेऊन मी एकटीच परत आले.
मुंग्यांची रांग लागलीच होती.
खिडकीभोवती खडूची जाड रेघ ओढली
आणि मुंग्यांना दरडावून सांगितलं
कुणाचं आहे ते.