आडोसा

एकशे बावन्न किलोमीटर दस्तगीर जमादार
कुणालाच दिसायचा नाही.
माझ्या मागं, माझ्या चाकापासून चार बोटांवर,
चुलीपाशी बसलेल्या मांजरासारखा.
वारा मी खायचो.
त्याचाच पगार होता मला.

हे आम्ही माधवनगर रोडला शिकलो, पहाटे पाचला,
उसाच्या ट्रॉल्यांमागं.
ट्रॉलीमागं हवेला खड्डा पडलेला असतो,
त्यात चाक घालायचं;
वरून मोळी सुटली तर देवाचं नाव घ्यायलाही वेळ नाही.
तो हसायचा.
गालावर पाचटाचे ओरखडे घेऊन शाळेत जायचा.

मग करार आला, कंपनीची जर्सी,
नावं घेता येत नाहीत असले परदेशी घाट.
घाटात तो कायम शेवटचा,
गळालेल्यांना गोळा करणाऱ्या गाडीच्या जेमतेम पुढं,
आणि मी पाठीवर बाटल्या खोचून
त्याला कानडीतून शिव्या देत वर नेतोय.
स्प्रिंटरला डोंगर नको असतो,
डोंगरालाही तो.
वेळेत पोचलं म्हणजे झालं. उद्या सपाट आहे.

सपाटीला शेवटचे सहाशे मीटर माझे.
मान खाली, तोंडात लोखंडाची चव.
अडीचशेवर मी उजवीकडं सरकायचो
आणि डाव्या कोपराला घासून
काहीतरी जायचं.
तेवढंच.
त्याची एकही शर्यत मी पाहिलेली नाही.
गर्दीच्या आवाजावरून कळायचं.

अकरा वर्षांत एकवीस विजय.
तेरा-तेरा सेकंदांचे. सगळे जोडले
तर साडेचार मिनिटं होतात.
त्या साडेचार मिनिटांत विश्रामबागेत दोन खोल्या बसल्या,
धाकट्या बहिणीचं नर्सिंग बसलं,
आणि हळदीच्या पेठेतली पोती
अब्बांच्या पाठीवरून उतरली.
पिवळेपणा मात्र त्यांच्या नखांत तसाच राहिला.

बाविसावी शर्यत टायरच्या जाडीनं गेली.
पुढची अर्ध्या चाकानं.
डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही.
खरंच काही झालं नव्हतं.
एकदा मी बाजूला झालो
आणि कोपराला काही घासलंच नाही.
वळून पाहिलं.
तो तिथंच होता, चार बोटांवर,
लोक आमच्या दोन्ही अंगांनी निघून चाललेले.
"थकलास होय रे?" त्यानं मलाच विचारलं.

आता रविवारी हरिपूरच्या रस्त्याला जातो.
चिंचांखालून, संगमापर्यंत. तिथं चहा.
परतताना वारा तोंडावर असतो
आणि माझा गुडघा कुरकुरतो,
तेव्हा काही न बोलता तो पुढं येतो.

पण आडोसा द्यायला तो कधी शिकलाच नाही.
उगाच जोर लावतो, मग एकदम सोडतो,
खड्डा हातानं दाखवत नाही,
अर्धा वारा माझ्याकडं गळू देतो.
शिवाय दर दहा पॅडलांना
मान वळवून बघतो,
मी आहे का.