वाळूचा ट्रक

राजधानीच्या रकान्यात काय लिहू,
जनगणनेच्या पोरीने विचारलं.
म्हटलं, प्लिमथ लिही.
तिथे कोण राहतं?
कोणी नाही.
पण कागदोपत्री अजून तीच आहे,
आणि गाडलं गेलेलं गाव
मोडीत काढायचं तरी कोणी?

पोरगी डोंगर उठल्यानंतरची.
तिला उत्तरेचा कोपरा म्हणजेच बेट.
माझ्या आईच्या पिढीत लोक सांगायचे,
ह्युगोच्या आधी, ह्युगोच्या नंतर.
तेव्हा वाटलं होतं, वादळापेक्षा मोठं काय येणार?

मास्तरीणबाई शिकवायच्या, डोंगर झोपलाय.
आम्ही त्याच्या गंधकी झऱ्यात
खाजणारे गुडघे बुडवायचो
आणि सडक्या अंड्यांच्या वासाने हसत पळायचो.
मग जुलैतल्या एका मंगळवारी
झोपलेल्याने कूस बदलली.

भरदुपारी मोटारींचे दिवे लागले.
राख साखरेत, उशीत, दातांमध्ये,
ब्रेडफ्रूटच्या पानांवर इतकी की फांद्या वाकल्या.
शाळेत, चर्चच्या बाकांवर आम्ही पाय दुमडून झोपलो.
राखरांगोळी म्हणायचं, तर रांगोळीला
निदान कोणाची तरी बोटं लागलेली असतात.

दोन वर्षांनी, जूनमध्ये,
लेमुएलमामा वरच्या शेतात गेला.
जाऊ नको म्हणाले होते सगळे.
पण माती तिथलीच चांगली होती,
डोंगरानेच दिलेली,
आणि उत्तरेत गाजरं येत नव्हती.
त्याने ती काढली होती की नाही,
ते विचारायला कोणी उरलं नाही.

आडनाव?
ट्विट.
आयरिश वाटतं, ती म्हणाली, आणि हसलो दोघंही,
कारण तिचं आडनाव रायली आणि कातडी माझ्याहून काळी.
विमानतळावर पासपोर्टवर तीन पानांचा हिरवा शिक्का बसतो.
पाहुण्यांना गंमत वाटते.
सतरा मार्चला आम्ही हिरवं घालतो, बकऱ्याचा रस्सा रटरटतो,
तेव्हा त्यांना कोणी सांगत नाही
की मालक पीत बसतील ती रात्र हेरून
गुलामांनी त्याच दिवशी बंड ठरवलं होतं,
आणि कोणीतरी ते फोडलं.

धंदा?
वाळू.
म्हणजे राखच. पाण्याने धुतली, समुद्राकडे आणली,
की तिला वाळू म्हणतात आणि भाव मिळतो.
बेलहॅमच्या खोऱ्यात, जिथे गोल्फ खेळायचे,
तिथे माझा ट्रक भरतो.
कधी फाटकावरच्या पोलिसाला नाव सांगून खाली,
जुन्या धक्क्यावर.
रेडिओ चालू ठेवायचा. डोंगराकडे पाठ करायची नाही.
मधे एका छपराची कड वर आलेली दिसते,
तीवर शेळ्या उभ्या असतात.
आमचं घर त्याच ओळीत होतं, बहुतेक.
बहुतेक.

माझी बहीण रोझेटा अँटिग्वात घर बांधते आहे.
परवा फोनवर म्हणाली,
ठेकेदाराने तुमच्याकडचीच वाळू आणली, एझी.
कुठल्या बाजूची?
मी म्हटलं, आता मी काय प्रत्येक दाणा ओळखतो का?
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, गिलावा अजून ओला आहे,
हात लावून आले.

आई लेस्टरला आहे, हीटरजवळ.
अधूनमधून विचारते, निघताना
स्वयंपाकघराची खिडकी लावली होतीस ना?
हो, मी म्हणतो.
दर वेळी हो म्हणतो.
खरं तर आम्ही कपडे, रेडिओ आणि कोंबडी घेऊन पळालो,
आणि खिडकी मला आठवतच नाही.

शेवटचा प्रश्न, ती म्हणाली.
घराच्या भिंती कशाच्या?
मी वाकून फॉर्म पाहिला.
चौकोन होते: काँक्रीट, लाकूड, पत्रा, इतर.
माझ्या बाहीतून थोडी धूळ कागदावर सांडली.
तिने फुंकर मारली,
पेन पुन्हा टेकवलं,
आणि म्हणाली, काका, कुठलं घर सांगताय?