श्वास चोरण्याची रीत

दहाचा खेळ, मग तीनचा.
नगारा-मनोऱ्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडतो
लू झाईमिंग. त्याच्या बापाने एक खिळा न ठोकता पूल उभा केला होता.
आमची चांदीची मुंडावळ आता अ‍ॅल्युमिनियमची.
मान दुखत नाही, हे मात्र खरं.

अठ्ठेचाळीस कडव्यांचं गाणं
साडेतीन मिनिटांत उरकतो.
झाडावरच्या किर्र किड्यांची नक्कल ठेवली, ती लोकांना आवडते.
बुडालेल्या बहिणीची कडवी गाळली.

पहाटे कापड कुटणं बंद.
निळीत सतरा वेळा बुडवून, अंड्याचा पांढरा चोपडून
दगडावर मोगरीने कुटलं की ते तांब्यासारखं चमकतं,
पण गेस्टहाउसात झोपमोड होते.
म्हणून तीन वाजता, मंचावर, मोगरी.
दोन वर्षं तेच एक कापड.
त्याला भोकं पडलीत.

बोलीला लिपी नव्हती. होतं ते घशात.
शेकोटीपाशी वू लेनशिया शिकवायची:
सगळ्याजणी एकदम श्वास घेऊ नका गं,
शेजारणीचा सूर चालू असताना आपला चोरायचा,
तोंड उघडंच ठेवायचं.
ती चोरेल तेव्हा तू धर.
खालचा सूर असा रात्रभर तुटत नसे.
तेव्हा आम्ही एकोणीस होतो.

आता पाच.
पाचवी, शिउवान, ग्वांगदोंगच्या कारखान्यात फोनचे पडदे पुसते.
कधी रात्री व्हिडिओ कॉलवर सूर धरते,
तो दीड मात्रा उशिरा पोचतो,
आणि तिच्या खोलीतली कुणी म्हणते, झोपू दे.

मागच्या पानगळीत एकजण माइक घेऊन आला.
चांगला माणूस. आमचा आंबवलेला मासाही त्याने गिळला.
लॅपटॉपवर त्याने आमचे सगळे श्वास पुसले
आणि ऐकवलं: अखंड, गुळगुळीत.
आम्ही टाळ्या वाजवल्या.
लेनशियाला आता कमी ऐकू येतं. स्पीकरवर तळहात टेकून
तिने विचारलं,
या बायका मेल्यात का?

आज तीनला मी श्वास चोरला
आणि धरायला कुणी नव्हतं.
फट पडली. एवढीशी.
पाहुण्यांचे फोन तसेच वर.
फक्त झाईमिंगच्या धाकटीने
आइस्क्रीम चाटता चाटता
एकदम मान वर केली,
अंधारात जिन्याची
एक पायरी कमी लागावी तशी.