अर्धा कप

आमच्या घरी चहा अर्धाच कप मिळायचा.
मला वाटायचं, चहा असतोच तेवढा.
कपाच्या वरच्या अर्ध्या भागाचं काम काय,
कधी विचारलं नाही.
बशीवर फूल असतं, तसंच तेही असेल, शोभेला.

लग्न होऊन उदगीरला आले.
पहिल्याच सकाळी पाहुण्यांपुढं
सात अर्धे कप नेऊन ठेवले.
सासूबाई दाराआडून म्हणाल्या,
"गंगाखेडात म्हशी आटल्या का वं?"
सगळे हसले. मीही हसले.
मग मोरीत भांडी घासताना
एकदम आठवला आप्पांचा उजवा हात.

तहसीलीसमोर बाभळीखाली टेबल टाकून
आप्पा लोकांचे अर्ज लिहायचे.
सातबारा, वारस, हरवलेलं रेशनकार्ड.
अक्षर असं, की कारकून अर्ज परत करतानाही
घडी जपून घालायचा.
मग एका हिवाळ्यात 'विनंती'ची वेलांटी
थरथरत खाली उतरली
आणि थरथरतच राहिली.

माहेरी गेले तेव्हा आईला विचारलं,
"तूच ना सुरू केलंस हे?"
ती ज्वारी पाखडत होती.
"मी कशाची. ख्वाजामियानं.
त्याच्या गाड्यावर एक दिवस
ह्यांच्या सदऱ्यावर सांडलं.
दुसऱ्या दिवसापासून त्यानं
सगळ्यांचेच गिलास अर्धे भरले.
वकिलाचा, तलाठ्याचा, फौजदाराचा बी.
लोकं भांडली. तो म्हणाला, दूध महागलं.
मला त्याच्या बायकोनं सांगितलं, रशीदाबीनं,
नळावर, हळूच.
मग मी बी घरात दूध महाग केलं."
आणि सूप आपटून म्हणाली,
"खडे लई आहेत यंदा."

आप्पा उदगीरला आले ते एकदाच.
मी आत होते, हाताला पीठ.
पुसत पुसत बाहेर आले तर
सासूबाईंनीच चहा दिलेला.
माझ्या सासऱ्यांना, शेजारच्या वीरभद्रमामांना,
स्वतःला, आप्पांना,
सगळ्यांना अर्धा.
मी त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं.

आप्पांनी दोन्ही हातांनी कप उचलला,
जरा वेळ आत बघत राहिले.
म्हणाले, "उदगीरातही दूध महागच दिसतंय."

सासूबाईंनी पदर सारखा केला.
"लई," म्हणाल्या.