नखाची खूण

आठवीच्या पुस्तकात चार चौकटी आहेत:
निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष.
मध्ये बाण. नंदगडच्या शाळेत
मी फळ्यावर तेच काढतो, आणि दर वर्षी
पहिला बाण काढताना खडू थोडा अडखळतो.

कारण तो बाण मला आधी खानापुरात भेटलाय,
कौलांच्या भट्टीवर, चिखलात पोटरीभर रुतलेला.

त्या साली दर भट्टीत तीनातलं एक कौल तडकायचं.
मालक परशराम म्हणाले, दृष्ट.
दारावर बिबवा टांगला, अमावास्या चुकवली,
नारळ फुटला; कौलंही फुटली.
माती तुडवणारी निंगव्वा म्हणाली,
"वाऱ्यानं होतंय. पण बघूया की."

हे "पण बघूया की":
यातच सगळं आलं, हे मला फार उशिरा कळलं.

एकाच गाऱ्याची चाळीस कौलं.
वीस छपराखाली, वीस उघड्यावर, मलप्रभेच्या वाऱ्याला.
लिहिता येत नव्हतं तिला, ना कानडी ना मराठी;
ओल्या मातीत अंगठ्याचं नख दाबलं,
छपराखालच्याला एकदा, वाऱ्यातल्याला दोनदा.
बाकी काही बदलायचं नाही, म्हणाली,
तीच भट्टी, तेच लाकूड, मधला तोच थर.
नाहीतर धरायचं कुणाला?

भट्टी निवली. मोजली.
इकडं सहा फुटली, तिकडं सात.

परशराम हसले. मी पोरगा, मला वाटलं आता ही रडणार.
ती म्हणाली, "तप्पायतु. वारा सुटला."
म्हणजे निर्दोष सुटला.
आणि अशी हसली, जणू काही हरवलेलं सापडलं.

मग वाळू. पाटीला एक ओंजळ, दोन, तीन.
तीन ओंजळींची कौलं तडकली नाहीत, गळली.
दोनवर ती थांबली, तेही "सध्यापुरतं" म्हणून.
नंतर भट्टीच बंद पडली.

परवा शाळेचं छप्पर उतरवलं, पत्रे घालायला.
ढिगातून एक कौल उचललं, उलटं केलं:
नखाच्या दोन चंद्रकोरी.

डोळे भरून यायला हवे होते; आले असतीलही.
पण आधी मी ते उन्हात धरलं
आणि बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकलं,
तडा कुठं आहे का.