रकाना

नान्सी झोपली की स्वयंपाकघरात करवत चालायची.
लाकडात गाठ लागावी तसा
मध्येच अडायचा तिचा श्वास,
आणि मी हातातली ओली बशी तशीच धरून
पुढच्या खर्रची वाट बघायचे.

पग. अस्सल.
सात पिढ्यांची वंशावळ, जाड कागद, सोनेरी कड.
त्यात एका पणजोबाचं नाव तीनदा:
आईकडून एकदा, बापाकडून दोनदा.
कार्मार्थनचा डॉक्टर तिचा जबडा उघडून म्हणाला,
"चेहरा आखूड केला माणसांनी,
आतलं सामान होतं तेवढंच राहिलं.
सहा खोल्यांचं फर्निचर, मेरेरिद,
एका खोलीत."

बाबा दाराशी, चिखलाचे गमबूट न काढता.
चाळीस वर्षं गाई राखल्या त्यांनी या उतारावर.
दुधाचा भाव पडला, गोठा रिकामा झाला,
तरी पहाटे चारला त्यांना अजून जाग येते.
म्हणाले, "फ्रिजियन गाईला हेरफर्ड वळू दाखवायचो
तेव्हा कुणी कागद नाही मागितला.
वासरू आपल्या पायांवर उभं राहिलं की झालं."

ह्यू पॅरीचा तेगो टेकडी उतरून आला.
जॅक रसेल, एक कान फाटका,
उंदरांमध्ये बदनाम.
त्याच्या नाकाकडेच बघत होते मी,
उपवर मुलीच्या आईसारखी.

क्लबच्या मिसेस प्रॉसरचा फोन आला.
आवाज चहासारखा, बेताचा गोड.
"सात पिढ्या पाण्यात घातल्यास.
आणि उद्या कुणीही उठेल,
दोन नावं मोडून एक जोडेल,
खोक्यात भरून विकेल पिल्लं."
मला उत्तर सुचलं नाही.
दरीपलीकडे ती पत्र्याची शेड आहेच:
रात्रभर दिवा, रात्रभर भुंकणं,
आणि शुक्रवारी एक पांढरी व्हॅन.

पोट कापूनच काढावी लागली. तीन निघाली.
एक गेलं, डोळे उघडायच्या आधीच.
एकाला नाक होतं. खरंखुरं, बाहेर आलेलं,
बोटाच्या पेरभर.
आणि तिसरं हुबेहूब आई:
तीच घडी, तीच मिटलेली भोकं,
दहाव्या दिवसापासून तीच करवत, लहान पात्याची.
पानं पिसली म्हणून
हुकमाचंच येतं असं नाही.

त्या तिसरीला कोण नेणार?
मी जाहिरातीत सगळं लिहिलं, घोरणंसुद्धा.
आला ग्लिन बेव्हन, खाणीतून निवृत्त,
छातीत कोळशाची धूळ.
अंगणातून दारापर्यंत यायला दोनदा थांबला.
तिला उचलून कानाशी धरलं,
दुकानात घड्याळ धरावं तसं,
बराच वेळ ऐकलं.
म्हणाला, "आमचं जमेल.
चढावर दोघं मिळून थांबू."
पैसे मी घेतले नाहीत. ते त्याला आवडलं नाही;
महिन्याने कांद्यांची जुडी आली, हिशेबापेक्षा मोठी.

नाकवाला माझ्याकडेच राहिला.
दवाखान्यात कार्ड भरायचं होतं.
नाव: पेब. रंग: भाजक्या पावाचा. आई, बाप, जन्मतारीख.
मग जातीचा रकाना.
पेन थोडा वेळ तिथेच उभं.
टेबलापलीकडची मुलगी म्हणाली, "हल्ली सगळे लिहितात ना,
जॅकचा ज, पगचा ग."
मी लिहिलं: जग.
ती पुढच्या ओळीकडे वळली.

काल तो बाबांच्या मागे धावत
वरच्या कुंपणापर्यंत जाऊन आला,
तोंड बंद ठेवून.
बाबा काही बोलले नाहीत,
फक्त गमबूट काढून मग आत आले.

आणि रात्री
चुलीपाशी नान्सीची करवत चालू,
तिच्या पोटाशी तो, मुटकुळं करून.
एकाएकी मला काळजी वाटली:
त्याचा काहीच आवाज नाही.
उठले, अनवाणी, गार फरशीवर,
गुडघे टेकून
तळहात धरला त्याच्या नाकासमोर.

ऊब आली. गेली.
पुन्हा आली.
बराच वेळ तशीच बसले होते,
काहीही न ऐकत.